धवल्यातलं नाव

वेसाव्याची जयंती धवलारीण सकाळी सातलाच दोन जोडीदारणींना घेऊन मांडवात येऊन बसली आणि श्वेताची पंचाईत झाली. बोलावलं तिनंच होतं. पण नऊला बोलावलं होतं. तेवढ्या वेळात नणंदेच्या कानावर गोष्ट हळूच घालायची असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आता नणंद पुढच्या खोलीत सासूबाईंची वेणी घालत होती आणि त्या खोलीच्या खिडकीतून मांडव सगळाच्या सगळा दिसत होता.

"ताईंनी पाहिलं का हो?" तिनं नवऱ्याला दबक्या आवाजात विचारलं. राजेश टोपातल्या उकळत्या चहाकडे बघत राहिला. म्हणजे पाहिलं होतं.

धवलारणीवाचून खारदांड्याच्या कोळीवाड्यात हळद होत नाही. भटजी तासभर उशिरा आला तरी चालतं, बँडवाला आलाच नाही तरी चालतं. पण जात्यावर हळद पडल्यापासून ती नवऱ्याच्या अंगाला लागेपर्यंत प्रत्येक गोष्ट धवल्यात, म्हणजे लग्नाच्या गाण्यात, गावी लागते, देवांना, पितरांना, सोयऱ्यांना नावानिशी हाका माराव्या लागतात, आणि ते गाणारी बाई एकच असते. खारदांड्यात ती बाई चाळीस वर्षं शेवंती होती, राजेशची आई. गावातल्या निम्म्या बापयांच्या अंगाला तिच्याच तोंडून हळद लागली होती. आज तिच्या नातवाची, कृणालची, हळद होती. आणि सात महिन्यांपूर्वी ओटीवर बोंबील निवडता निवडता शेवंतीची वाचा गेली होती. उजवा हात लुळा पडला, तो थोडाफार परत आला. शब्द आले नाहीत. चहा हवा असला की कपाकडे बोट, राग आला की तोंड भिंतीकडे.

डॉक्टर म्हणाले होते की बोलण्याची वाट मेंदूत वेगळी आणि गाण्याची वेगळी, एक बंद पडली तरी दुसरी उघडी असू शकते. हे ऐकायला खोलीत सहा माणसं होती. कळलं एकटीला, कल्पिताला.

कल्पिता म्हणजे राजेशची थोरली बहीण. वय चोपन्न, लग्न नाही, आणि दांड्याच्या हिशेबात 'ती इंग्लिश गाणी गाते ती'. वीस वर्षं तिनं जॅझ गाऊन पोट भरलं होतं, आधी जुहूच्या हॉटेलात, मग जहाजांवर, मग पुन्हा हॉटेलात. नंतर अंधेरीला एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर तिनं गाण्याचा वर्ग काढला, त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती. तिच्या हाताखालून गेलेली पोरं कुठे कुठे गात होती, तिच्या दोन विद्यार्थिनी परदेशात तिच्याच पद्धतीनं शिकवत होत्या. पण दांड्यात यातलं कुणाला काय सांगणार! तिच्या वर्गात पहिला महिनाभर गायलाच देत नाहीत, नुसतं ऐकायला बसवतात आणि टाळ्या वाजवून घेतात, हे कळल्यावर शेवंतीची धाकटी जाऊ कमळकाकी म्हणाली होती, "मंग फी कशाची घेतंस गो?"

हिवाळ्यात गोव्याला एका संगीतशाळेत तीन महिने शिकवायचं बोलावणं होतं, ते कल्पितानं सोडलं. रोज दुपारी अंधेरीहून दांड्याला यायची, दार लावायची, आईचा डावा तळवा आपल्या हातात घेऊन त्यावर थाप द्यायची आणि नुसतं गुणगुणायची. पंधरा दिवस शेवंती भिंतीकडे तोंड करून बसली. सोळाव्या दिवशी तिनं अख्खी ओळ गायली. श्वेता तेव्हा बाहेर कपडे वाळत घालत होती, तिच्या हातातली चादर चिखलात पडली.

अडचण एकच उरली, नावाची. धवल्याची ओळ पाठ असते, पण त्यातलं नाव दरवेळी नवं असतं, आणि नवं काही शेवंतीच्या तोंडी येईना. 'कृणाल'च्या जागी ती कधी थांबायची, कधी 'राजेश' म्हणायची, कधी आणखी कुणाचं. चार महिन्यांत तिनं दांड्यातल्या पन्नासएक बापयांची लग्नं पुन्हा लावली. दाराआडून ऐकता ऐकता श्वेता हसायचीही आणि मग डोळे पुसायचीही.

कल्पिता खोलीतून बाहेर आली. तिनं जयंतीला पाणी विचारलं, प्रवास कसा झाला विचारलं, आणि मग साधेपणानं विचारलं की बोलावणं कधी आलं होतं. जयंती तोंडातलं पान गालात सरकवून एकदा हिच्याकडे आणि एकदा श्वेताकडे बघत राहिली. दोघींच्या चेहऱ्यावरून तिला काय ते समजलं.

"ताई, रागावू नका," श्वेता म्हणाली. "माझा एकच पोरगा आहे. एवढी माणसं येणार. हळदीत नवऱ्याचं नाव चुकलं तर लोक जन्मभर तेच काढतील."

"आठ दिवसांत ती एकदाही चुकलेली नाही."

"खोलीत. दार लावून." श्वेता म्हणाली. "सात महिने त्यांना अंघोळ मी घालते, ताई. मला त्यांना सगळ्यांसमोर अडकलेली बघायची नाहीये."

हे खरं होतं. गाणं तिनं परत आणलं होतं. पण रोजचं उठवणं, बसवणं, भरवणं श्वेताचं होतं.

उत्तर दिलं ते कमळकाकीनं. चाळीस वर्षं शेवंतीच्या मागे बसून तिची ओळ उचलायची, एवढंच काम तिनं केलं होतं आणि ते कुणाला कमी समजू देत नव्हती. ती मांडवाच्या मध्यात येऊन उभी राहिली. "शेवंता जित्ती हाय आनी तिचे घरान दुसरी गाईल? मंग मी माझे घरा जातंय. ओळ उचलाला वेसाव्याशी बाया आना."

तिढा सोडवला जयंतीनं. तिनं पान थुंकून तोंड धुतलं आणि सांगितलं की शेवंतीबाईनंच आपल्याला पहिले धवले दिले, तेव्हा आपण पाटावर बसणार नाही, बाजूला बसू. "बाई थांबली तर मी पुढं नेईन. ती गात असेल तवर माझा तोंड बंद."

सगळ्यांचं समाधान झालं असं नाही, पण भांडायला कारण उरलं नाही. खिडकीशी बसलेली शेवंती हे सगळं ऐकत होती की नाही, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही.

*

कृणालला पाटावर बसवायला अजून अर्धा तास होता. राजेश घरामागे गेला तर कल्पिता तिथे जाळ्यांच्या ढिगावर बसून हातातल्या कपात बघत होती. तो शेजारी बसला.

तो अठरा वर्षांचा होता तेव्हा जुहूच्या हॉटेलामागच्या गेटाशी, मुदपाकखान्याच्या दुर्गंधीत, स्कूटर लावून हिची वाट बघायचा. बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, आईनं टाकलं नव्हतं पण विषयही काढत नव्हती. गाणं हिला लागलं ते आईच्याच टोपलीमुळे. शेवंती मासळी घेऊन चुईम गावात मिस बर्नडेटकडे जायची, ती बाई पियानो शिकवायची. आई ओट्यावर पापलेट कापून देईस्तोवर ही पोर आत रेकॉर्डी ऐकत बसायची. मग एक दिवस ऐकलेलं म्हणून दाखवलं. मिस बर्नडेटनं मासळीचा भाव करणं सोडलं आणि पोरीला शिकवायला लागली.

आईनं तिच्या गाण्याबद्दल आयुष्यात एकदाच तोंड उघडलं होतं. कल्पिताचं नाव पहिल्यांदा पेपरात छापून आलं त्या दिवशी. राजेशनं बातमी वाचून दाखवली, शेवंतीनं ती नीट ऐकली आणि लेकीला विचारलं, "माझे गान्यान लगीन लागतं. तुझे गान्यान कं होतं?" टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कल्पिताला तेव्हा काही सांगता आलं नाही आणि पुढे कधी कुणी विचारलं नाही.

"ताई, खरं सांग," राजेश म्हणाला. "तुला तिला गायला लावायचंय, की तुझं खरं करायचंय?"

"दोन्ही," कल्पिता म्हणाली.

इतकं सरळ उत्तर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो हसला. मग तिनं विचारलं, "दिप्याला पत्रिका गेली?" आणि त्याचं हसू गेलं.

दिपेश त्यांचा सर्वांत धाकटा भाऊ. अठरा वर्षांपूर्वी त्यानं होडी सोडली, मुलुंडला एका कारखान्यात वीजखात्यात लागला आणि तिथल्याच गार्गी नावाच्या परजातीच्या मुलीशी रजिस्टर कचेरीत लग्न केलं. वडील लहूशेठ म्हणाले, या पोराच्या अंगाला या घरात हळद लागणार नाही. शेकडो पोरांची हळद गायलेली शेवंती नवऱ्यापुढे गप्प बसली आणि तिच्या पोटच्या पोराची हळद राहिली. पण ती गोष्ट लहूशेठची. राजेशची वेगळी होती. अकरा वर्षांपूर्वी लहूशेठ गेले तेव्हा दिपेशला कळवायचं काम राजेशकडे होतं. "गडबडीत राहिलं," असं तो सगळ्यांना सांगत आला. गडबड नव्हती. फोन हातात होता, नंबर समोर होता, आणि त्यानं फोन खिशात घातला. दिपेश स्मशानात पोचला तेव्हा चिता विझवत होते. त्यानंतर तो दांड्यात आला नाही.

"नाही गेली पत्रिका," राजेश म्हणाला आणि उठला. "आज तो विषय नको."

*

नऊच्या सुमारास शेवंतीला दोघींनी धरून पाटावर बसवलं. नवी हिरवी साडी, वेणीत अबोली. बाया सगळ्या दाटीनं बसल्या आणि बापये मांडवाच्या कडेला उभे राहिले. कल्पिता आईच्या डाव्या बाजूला बसली, तिचा तळवा आपल्या मांडीवर घेतला. तिनं हॉटेलात, जहाजांवर, परक्या देशांतल्या थिएटरांत गायलं होतं. पण इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती. आणि आज तर तिला गायचंही नव्हतं.

तिनं थाप दिली. एक, दोन, तीन. चौथ्या थापेला शेवंतीनं तोंड उघडलं.

आवाज पूर्वीचा नव्हता, खालचा आणि खरखरीत होता. पण शब्द स्वच्छ होते. जात्याची ओळ झाली, उखळाची झाली, पाण्याची झाली. कमळकाकी प्रत्येक ओळ उचलत होती आणि मागून बाया धरत होत्या. कडेच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून डोळ्यांना लावली. मग एकवीरा आईला बोलावणं झालं, दर्याला झालं, लहूशेठचं नाव घेऊन पितरांना झालं, आणि तिथेही ती अडली नाही. श्वेतानं पहिल्यांदा श्वास सोडला. हळदीची वाटी पुढे आली. आता ती ओळ.

"मांडव घातिला दर्याचे तोंडाला,
हळद लाविली गो दिपेश नवऱ्याला."

कमळकाकीचा हात टाळीच्या मध्येच थांबला. ओळ कुणी उचलली नाही. बायांच्या मागल्या रांगेतून कुजबुज सुरू झाली. चार महिन्यांत पन्नास नावं आली होती, हे एकदाही आलं नव्हतं. श्वेतानं पदर तोंडाला लावला. जयंतीनं घसा साफ केला. बाई थांबली होती आणि बोलल्याप्रमाणे आता पुढे नेणं तिचं काम होतं. जयंतीनं एकदा 'कृणाल' म्हटलं असतं की चूक पुसली गेली असती. पण मग शेवंती त्या पाटावरून उठली असती ती पुन्हा कुठल्याच पाटावर बसली नसती.

कल्पिता वर्गात पोरांना एक गोष्ट वर्षभर घोकवून घ्यायची. सूर चुकला की मागे जायचं नाही, माफी मागायची नाही, तो सूर मुद्दामच लावला होता असं ठरेल असा पुढचा सूर लावायचा. तिनं विचार केला नाही. थाप न सोडता, आईच्याच चालीत, जयंतीच्या आधी तिनं गायलं:

"धाडा गो बोलावनं मुलुंडचे गावाला,
दिपेश काकाचे हाते हळद नवऱ्याला."

मग कमळकाकीनं ती ओळ दोन्ही हातांनी झेलावी तशी उचलली, आणि मागून साठ-सत्तर बाया एकदम गायल्या. चूक राहिलीच नाही. शेवंतीनं नाव चुकवलं नव्हतं, बोलावणं केलं होतं. कल्पिताला इतकं हलकं वाटलं की ती जवळजवळ हसली.

तेवढ्यात कमळकाकी टाळ्या थांबवून राजेशकडे वळली. "जा, बोलव त्याला."

"कुणाला?"

"कुनाला म्हंजे? धवल्यान हाक मारलेला मानूस येयाच्या आधी हळद हलाची नाय. यो शेवंताचाच नेम. एकदा असाच हाक मारलेला नाखवा दारू पिऊन होडीवर पडला व्हता, तवा दोन तास अख्खा मांडव थांबवलान तिनं."

दांड्यात हे सगळ्यांना माहीत होतं. कल्पितालाही माहीत होतं, पण आत्ता, त्या घाईत, ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. निदान तिनं पुढे नेहमी तसंच सांगितलं. राजेश मात्र तिच्याकडे असा बघत होता की जणू तिनं सकाळपासून डाव मांडला होता. त्यानं तिला कोपऱ्यात घेतलं.

"तू मुद्दाम केलंस."

"आईला वाचवायला केलं रे."

"मग आता फिरव. गाण्यात फिरव ना, तुला येतं ते."

"येतं," कल्पिता म्हणाली. "पण नाही फिरवणार."

राजेशनं आधारासाठी बायकोकडे पाहिलं. सकाळी याच मांडवात नणंदेच्या विरोधात उभी राहिलेली श्वेता कमरेचा मोबाइल काढून त्याच्यापुढे धरत होती. नंबर आधीच लावलेला होता. दिवाळीला आणि पोरांच्या वाढदिवसाला ती आणि गार्गी एकमेकींशी बोलत आल्या होत्या, गेली नऊ वर्षं. ते आज, शंभर माणसांत, राजेशला कळलं.

"माझा पोरगा पाटावर बसून राहिलाय," ती म्हणाली. "मी बोलले तर ते येणार नाहीत. तुम्ही बोला."

तो फोन घेऊन घरामागे गेला. जाळ्यांपाशी उभा राहिला. समोरून उचललं गेलं आणि 'वहिनी' असा आवाज आला. राजेश म्हणाला, "मी राजेश." मग दिपेशनं विचारलं, "आई गेली?"

राजेश जाळ्यांवर बसला. अकरा वर्षांत याला माझा आवाज ऐकू आला तर तो एवढ्याचसाठी, हे या माणसानं मनात पक्कं धरलं होतं, आणि त्याचं काय चुकलं होतं?

"नाही रे," तो म्हणाला. "गातेय. तुला हाक मारलीय तिनं." त्याला पुढे पुष्कळ बोलायचं होतं, त्या दिवशी फोन खिशात घातला तेही सांगायचं होतं, पण शब्द सुचेनात. म्हणून त्यानं मांडवाच्या दिशेनं फोन उंच धरला आणि तसाच धरून ठेवला. आत बाया बोलावणं म्हणत होत्या.

*

रविवार होता, रस्ते मोकळे होते, तरी मुलुंडहून दांड्याला सव्वा तास. आणि धवला सुरू झाला की हळद लागेपर्यंत तोडायचा नाही. शेवंतीला दम लागला होता, तिला पाणी पाजून भिंतीशी टेकवलं. कमळकाकी घाबरली. तिला उचलायला येत होतं, पुढे न्यायला नाही. जयंतीला वेसाव्याचे धवले येत होते, पण सव्वा तास पुरतील एवढे कुणालाच येत नव्हते.

कल्पिता मात्र अशा कामात मुरलेली होती. जुहूला एका शेठच्या वाढदिवसाला केकची गाडी पुलावर अडकली तेव्हा तिनं एकच गाणं पन्नास मिनिटं लांबवलं होतं आणि एकाही पाहुण्याला संशय आला नव्हता. ऐकणाऱ्यांना न कळता वेळ काढणं, ही त्या धंद्यातली निम्मी विद्या असते. तिनं पदर खोचला आणि जे मांडवात आधीच होते त्यांचीच बोलावणी सुरू केली, म्हणजे आणखी कुणासाठी थांबायला नको. दांड्याच्या एकेका गल्लीला बोलावलं, होड्यांना नावानिशी बोलावलं, कुणाच्या सुनेला माहेराहून बोलावलं, बँडवाल्याला झोपेतून उठवलं, वेसाव्याच्या जयंतीबाईला पान दिलं. हे कशातच लिहिलेलं नव्हतं, जागच्या जागी जोडत होती. बाया खुदखुदायला लागल्या. जयंतीला चेव आला, तिनं दोन ओळींत उत्तर दिलं. मग कल्पिताच्या दोन, जयंतीच्या दोन. अंधेरीच्या वर्गात पोरांना हेच शिकवायला तिला सहा महिने लागायचे, आणि वेसाव्याची ही बाई मांडीवर थाप मारत ते सहज करत होती.

मध्येच कल्पिताचं लक्ष आईकडे गेलं. शेवंती भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होती. डोळे मिटले नव्हते, तोंड भिंतीकडे नव्हतं. एवढा वेळ सलग आईनं तिला आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. कल्पितानं एक ओळ जयंतीवर सोडली.

साडेदहाच्या सुमारास दाराशी गर्दी हलली. दिपेश आला तो घरातल्या शर्टावर, बटणं वरखाली लागलेली. केस कपाळावरून मागे गेलेले. गार्गी त्याच्या मागे, दारातच थांबलेली. तिला श्वेतानं हाताला धरून आत घेतलं. कुणी रडलं नाही, कारण धवला चालू होता आणि सगळ्यांचे आवाज त्यात गुंतले होते.

कल्पितानं गाणं हळूहळू खाली आणलं, आईला पाटावर सरळ बसवलं आणि तिच्या तळव्यावर थाप दिली. दिपेश वाटी घेऊन कृणालसमोर वाकला. शेवंतीनं श्वास घेतला.

"मांडव घातिला दर्याचे तोंडाला,
हळद लाविली गो कृणाल नवऱ्याला."

कुठे अडलं नाही, कुठे थांबलं नाही. गेले आठ दिवस खोलीत येत होतं तसंच, उलट जास्त ठसठशीत. काकाची बोटं पुतण्याच्या गालाला लागली आणि मांडवात एकच आरोळी उठली. कमळकाकी कल्पिताकडे बघायला लागली. कल्पिता आईकडे बघायला लागली. चार महिने जिच्या डोक्यात ते नाव बसवलं तिला तासाभरापूर्वी ते खरंच सुचलं नव्हतं का, हे तिला विचारायची आता सोय नव्हती. शेवंती समोर बघत होती.

मग तिनं चांगल्या हातानं हळदीची वाटी ओढली. ती कृणालकडे नेली नाही. दिपेशला आणि गार्गीला तिनं मानेनं खाली बसायची खूण केली, वाटी जमिनीवरून सरकवत सरकवत पाटाजवळ उभ्या राजेशच्या पायांशी नेऊन ठेवली आणि तीच ओळ पुन्हा धरली. मांडव आला, दर्या आला, हळद आली. 'दिपेश' आलं. 'नवऱ्या' आलं, आणि तिथे तिनं सूर लावून धरला. शेवटचं अक्षर सोडलं नाही.

राजेश वाटीकडे बघत उभा होता. सूर लांबत चालला. जयंतीला वाटलं बाई अडकली, ती ओळ पुरी करायला तोंड उघडत होती, तोच कल्पितानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. वर्गातल्या सवयीनं ती बोटांवर मात्रा मोजत होती. सहा झाले, सात झाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दम अर्धा राहिलेला. आठव्याला आवाज कापायला लागला, नवव्याला बारीक झाला. आपण हा सूर खालून धरावा, आईला टेकू द्यावा, असं कल्पिताला फार वाटलं, आणि तिनं तो धरला नाही.

अकराव्याला राजेश गुडघ्यांवर बसला. चारही बोटं हळदीत बुडवून त्यानं ती आधी गार्गीच्या कपाळाला आणि मग धाकट्या भावाच्या दोन्ही गालांना लावली, आणि हात तिथून काढलाच नाही.

"ला," शेवंतीनं धरून ठेवलेलं अक्षर सोडलं, आणि मग तिनं श्वास घेतला.